कंपनीनं बनवणं बंद केलेली हलकी चेनसॉ मशीन घ्यावी का? (एमएस 200 टी, वरूड भाग)

मृगबहार
वरूडजवळ अडीच एकर संत्र्याची जुनी बाग आहे. जंबेरीच्या खुंटावरची कलमं, अठरा बाय अठरा फुटांची लागवड. डिंक्या रोगानं साठ-सत्तर झाडं वाळली, ती काढायची आहेत. शिवाय दरवर्षीची सल (वाळक्या फांद्या) काढणं, आणि धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) बाभळी दोन वर्षांपासून छाटायच्या राहिल्या त्या वेगळ्याच.

मागच्या वर्षी ऑनलाइन 58 सीसीची चायना मशीन घेतली, 22 इंची बारची (बार म्हणजे चेन फिरते ती पट्टी). टाक्या भरल्या की सात किलोच्या वर जाते. चार झाडं कापली आणि उजवा खांदा असा धरला की तीन आठवडे मला स्वतःची वेणी घालता येईना. मजूर मिळतो, पण त्याच्या सवडीनं. आपल्या सवडीनं येत नाही.

आता गावाकडचा एक ठेकेदार, विजेच्या तारांखालच्या फांद्या छाटायचं काम करायचा, धंदा बंद करून राहिला. त्याच्याकडे स्टिलची एमएस 200 टी आहे, 14 इंची बार. साडेनऊ हजार म्हणतो. हातात घेतली तर खेळण्यासारखी वाटली. पण हे मॉडेल कंपनीनं बंद केलं, त्याजागी 201 टी आलं. पार्ट मिळतील का? घेताना काय बघायचं? आणि माझ्या कामाला ही बरोबर आहे का?

"नवीच घ्या" सांगणाऱ्यांनी आधी नवीची किंमत विचारून यावं ही विनंती.

काळीमाती
अवांतर: अमरावतीत एका दुकानात मी "स्टिलची मशीन आहे का" विचारलं तर त्यानं स्टेनलेस स्टीलची रस काढायची मशीन दाखवली. जर्मन लोक "श्टील" म्हणतात म्हणे. आपण तसं म्हटलं तर दुकानदार डॉक्टरचा पत्ता देईल.

मूळ मुद्दा: साडेनऊ जास्त आहेत.

मिस्त्री_आर्वी
भाऊ, मशीन चांगली आहे. 35.2 सीसी, बार-चेन सोडून 3.6 किलो. एवढ्या वजनात एवढी ताकद त्या काळात दुसऱ्या कोणाकडे फारशी नव्हती. आधी हिचंच नाव 020 टी होतं. तुमच्या मशीनवर 020 टी लिहिलं असलं तरी घाबरू नका, घराणं तेच.

पार्टचं म्हणाल तर पार्ट नंबरचे पहिले चार आकडे 1129 ही या मशीनची खूण. दुकानात "200 टीचं द्या" म्हणू नका, 1129 म्हणा. एमएस 180 चे 1130 नं सुरू होतात आणि दिसायला सारखे वाटतात, काउंटरवरचं पोरगं तेच हातात देतं. सगळेच पार्ट 1129 नं सुरू होत नाहीत, काही आधीच्या मशीनचे आहेत, ते त्यांच्या नंबरनं येतात. प्लग, फिल्टर, स्टार्टरची दोरी, डायफ्राम किट यांची चिंता नाही. डुप्लिकेट सिलिंडर-पिस्टनही मिळतो, 40 मिमी बोअरचा. पण ती वेळ येऊ देऊ नका, डुप्लिकेट सिलिंडर घातला की मशीन 200 टी राहत नाही, फक्त वरचं प्लास्टिक राहतं.

घेताना रंग बघू नका. हे बघा:

मशीन थंड असताना जा. आधीच गरम करून ठेवली असेल तर चहा पिऊन या. थंड असताना सुरू होते का ते खरं. मग स्टार्टरची मूठ धरून मशीन हळूच लोंबकळत सोडा. सरसर खाली आली तर कॉम्प्रेशन गेलं. थांबत थांबत, दम खात उतरली तर ठीक. गेज असेल तर 150 पीएसआयच्या आसपास पाहिजे, 110-120 च्या खाली असेल तर नमस्कार करून परत या.

मग सायलेन्सर खोला. टॉर्च लावून भोकातून पिस्टन बघा. उभ्या ओरखड्या दिसल्या तर कोणीतरी ऑइल न टाकता चालवली आहे, कितीही स्वस्त दिली तरी घेऊ नका. पिस्टनच्या अंगावर बारीक आडव्या रेषा दिसल्या तर समजा कारखान्यातल्या खराद्याच्या खुणा अजून शिल्लक आहेत. ती मशीन घ्या.

ठेकेदार सायलेन्सर खोलू देत नसेल तर उत्तर मिळालंच.

मृगबहार
मिस्त्री, भाऊ नाही, ताई. वेणीचं लिहिलं होतं :)

मिस्त्री_आर्वी
माफ करा ताई. वाचताना थेट सीसीवरच नजर गेली.

पुण्यातला_वऱ्हाडी
मिस्त्रींनी इंजिनाचं सगळं सांगितलं, पण मोठी गोष्ट राहिली. ही टॉप हँडल मशीन आहे. मूठ इंजिनाच्या वर, दोन्ही हात एकमेकांजवळ. झाडावर दोरीनं बांधून चढलेल्या, शिकलेल्या माणसासाठी ती बनवली आहे. जमिनीवर उभं राहून वापरायला कंपनी स्वतःच सांगत नाही.

कारण सांगतो. बारच्या नाकाचा वरचा चतकोर भाग लाकडाला लागला की चेन अडकते आणि बार उलट तुमच्याकडे उसळतो. मागे मूठ असलेल्या मशीनला दोन हातांत अंतर असतं, तुम्ही ती झेलू शकता. टॉप हँडलला ते अंतर नाही. ठेकेदारांची पोरं एका हातात फांदी, एका हातात मशीन धरून कापतात ते बघितलंय ना? तसं करायचा मोह या मशीनला फार होतो, कारण ती हलकी आहे.

ताई, तुम्हाला हलकीच पाहिजे तर मागे मूठ असलेली एमएस 180 बघा. 31.8 सीसी, चार किलोच्या आत-बाहेर. फरक तीन-चारशे ग्रॅमचा. मी तीच घेतली असती.

धुऱ्यावरचा
पुण्यात बसून तीन-चारशे ग्रॅम म्हणणं सोपं आहे दादा. दुपारच्या चार वाजता बाभळीत उभं राहून सांगा. तीन-चारशे ग्रॅम म्हणजे अर्धा गडू पाणी, तो गडू हात लांब करून दहा मिनिटं धरून बघा.

बाकी उसळीचं सहमत. माह्या मावसभावाच्या मनगटाला सोळा टाके आहेत. एका हातानं कापून राहिला होता.

निंबोळी
मी वेगळंच विचारते. सल काढायला चेनसॉ कशाला? आंगठ्याएवढ्या फांदीला सिकेटर (छाटणीची कात्री), मनगटाएवढीला घडीची करवत. संत्र्याची सल म्हणजे वाळकी काटेरी जाळी, तिच्यात चेन घातली की चेन फांदी ओढते, कापत नाही. आणि कापताना हिरव्या भागाचा थोडा तुकडा घेऊन सफाईनं कापायचं असतं, मग मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावायची. चेनसॉनं चिंध्या झालेल्या जखमेत रोग शिरायला चांगलीच वाट होते. मशीन घ्या, पण वाळलेली झाडं आणि बाभळीसाठी. सलीसाठी माझं ऐका.

मृगबहार
निंबोळी, पटलं. सल करवतीनंच.

वऱ्हाडी दादा, एमएस 180 पण बघितली. खोटं कशाला बोलू, हातात घेतल्यावर फरक जाणवला तो वजनापेक्षा तोलाचा. पण तुमचं म्हणणं डोक्यात ठेवलंय. कामाची वाटणी अशी करते: कमरेच्या आसपासच्या फांद्या, दोन्ही हातांनी, 200 टीनं. बुंधा जमिनीपासून कापायचा असेल तर चायना मशीन आणि मजूर. वाकून टॉप हँडल चालवली तर तोंड बारच्या फार जवळ येतं, ते मलाच बरं वाटत नाही. शिडीवर चढून तर कुठलीच नाही.

उद्या ठेकेदाराकडे चालली. सोबत टॉर्च, पाना, आणि भाव करायला सासूबाई.

फॉरेस्टगार्डचा_भाचा
एक मध्येच. मशीन आली की शेजारीपाजारी "आमचंही एक झाड पाडून द्या" म्हणतात. साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर, चंदन ही 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीतली झाडं. स्वतःच्या वावरात, स्वतःच्या सात-बाऱ्यावर असली तरी परवानगी लागते. संत्रा त्या यादीत नाही, तुमची बाग तुम्ही काढा. पण शेजाऱ्याचा साग पाडून देऊ नका, कागद त्याचा नसेल आणि मशीन तुमची सापडेल.

मृगबहार
घेतली!! सहा हजार आठशेला. श्रेय सासूबाईंचं. त्या काही बोलल्याच नाहीत, नुसत्या मशीनकडे बघत मान हलवत राहिल्या.

सायलेन्सर खोलला. ठेकेदार आधी कुरकुरला, मग त्यानंच टॉर्च धरला. पिस्टनवर आडव्या रेषा, अगदी मिस्त्रींनी सांगितल्या तशा, ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या. एक उभी बारीक खरचट होती, नख फिरवलं तर अडकत नाही. चालेल ना?

वाईट ते पण सांगते. स्प्रॉकेटला (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाला) चेननं खोल चर पाडले आहेत. बारच्या कडा बाहेर वळल्या आहेत, बोट फिरवलं तर कापतं. टाकीतली रबरी नळी चिकट झाली आहे, धरली तर बोटाला काळं लागलं. चेन ब्रेक मात्र टक्कन बसतो.

मिस्त्री_आर्वी
नख अडकत नाही तर काही नाही. पैसे वसूल.

स्प्रॉकेटचे चर अर्ध्या मिमीपेक्षा खोल असतील तर बदला. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली की नवी चेनही जुनीच होते. बारच्या कडा चपट्या कानशीनं सरळ करा, खोबणीतला भुसा काढा, आणि दर वेळी चेन बदलताना बार उलटा बसवा म्हणजे दोन्ही बाजू सारख्या झिजतील. नळी आजच बदला, उद्यावर ठेवू नका. नळीला चीर गेली की इंजिन हवा जास्त ओढतं, पेट्रोल कमी, आणि पेट्रोलसोबत जाणारं ऑइलही कमी. मग त्या आडव्या रेषा पुसल्या जातात.

चेन घेताना 3/8 पिक्को, 1.3 मिमी, 50 लिंक असं सांगा. नुसतं "14 इंची" सांगू नका.

मृगबहार
हे मी दोन तास उशिरा वाचलं. "14 इंची" सांगून चेन आणली. बसवली तर पोटाशी लोंबते, ताणायचा स्क्रू पूर्ण फिरवला तरी खाली येते. लिंका मोजल्या, 52. दुसऱ्या कंपनीच्या 14 इंची बारला 52 लागतात म्हणे. दुकानदार परत घ्यायला तयार नाही, "तेल लागलंय" म्हणतो. तेल त्याच्याच दुकानात लागलं होतं.

काळीमाती
आता ती चेन गेटला लावा.

धुऱ्यावरचा
बारच्या तेलाचं कोणी बोललं नाही. मी सांगतो, माह्या मूर्खपणातून. जळालेलं ऑइल टाकू नका, त्यात लोखंडाचा चुरा असतो, पंप खराब होतो आणि हाताच्या कातडीलाही वाईट. हे मी वाचलं आणि शहाणपणा केला. घरी जवसाचं तेल होतं. म्हटलं, शेतातलंच तेल, झाडालाही त्रास नाही. दिवसभर चेन अशी चालली की काय सांगू. चार दिवसांनी मशीन काढली तर चेन बारला डिंकानं चिकटवल्यासारखी. ओढली तर हलेना. जवसाचं तेल हवेत वाळून कडक होतं, रंगकाम करणारे त्यासाठीच वापरतात, हे मला घरच्या सुताराने नंतर हसत हसत सांगितलं. दोन दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवली.

नवं, साधं इंजिन ऑइल टाका. महाग वाटलं तरी.

मिस्त्री_आर्वी
सरकीच्या तेलाचंही तसंच, फक्त हळूहळू.

आणि उन्हाळ्यात एक लक्षात ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45-46 ला जातो. गरम होऊन चेन ढिली होते, तुम्ही काम करता करता ताणता. संध्याकाळी तशीच ठेवली तर रात्री थंड होऊन आखडते आणि क्रँकवर ताण येतो. काम संपलं की चेन ढिली करून ठेवा. सकाळी पुन्हा ताणा.

मृगबहार
धागा वर काढते. पोळा झाला. त्रेसष्ट झाडं काढून झाली, खांदा शाबूत आहे, वेणी रोज घालते.

पण मशीन बिघडली. झडीच्या दिवसांत महिनाभर पडून होती. काल सुरू केली तर आधी येईना, आली तर रेस सोडली तरी इंजिन बोंबलतं, चेन थांबत नाही. मग रेस दिली की बसतं. कार्बोरेटरचे एल आणि एचचे स्क्रू (पेट्रोल कमी-जास्त करायचे) दोन्हीकडे फिरवून बघितले (मला माहीत आहे, रागवू नका).

मिस्त्री_आर्वी
रागवत नाही, पण स्क्रूला हात लावायचा नव्हता. आता दोन्ही हळूच पूर्ण बंद करा, जोर न लावता, आणि तिथून एकेक फेरा उघडा. ही नुसती सुरुवात आहे, बरोबर जागा आवाजावरून लागते. आणि रेस सोडल्यावर चेन फिरत असेल तर ती मशीन फांदीला लावायची नाही.

टाकीत पेट्रोल होतं का महिनाभर?

मृगबहार
होतं. अर्धी टाकी.

मिस्त्री_आर्वी
मग कार्बोरेटरचं झाकण खोला, चार स्क्रू. आत पातळ काळा पडदा असतो, डायफ्राम. चांगला असेल तर फुग्याच्या रबरासारखा लुळा, फुंकरेनं हलतो.

मृगबहार
खोललं. वाळलेल्या पापडासारखा. दाबला तर कुरकुरला, खरंच आवाज आला.

केमिस्ट्रीचे_सर
याचं कारण पेट्रोल पंपावर आहे. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. जुन्या मशीनचं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि तुम्ही तर झडीत ठेवली.

शाळेत मुलांना दाखवतो तो प्रयोग: उभ्या मोजपात्रात 100 मिली पेट्रोल, त्यात 10 मिली पाणी. बूच लावून उलटंसुलटं करा, हळूच बूच उघडून वाफ जाऊ द्या, ठेवून द्या. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं. खालचा थर 10 चा 28-30 होतो. मुलं दर वेळी म्हणतात, सर, पाणी वाढलं! हा प्रयोग उघड्यावर, विस्तवापासून लांब.

काळीमाती
सर, मग असंच पाणी टाकून इथेनॉल काढून वरचं पेट्रोल मशीनला वापरलं तर?

केमिस्ट्रीचे_सर
नको. इथेनॉल गेलं की ऑक्टेनही उतरतं, थोडं पाणी वर राहतं, आणि दर आठवड्याला घरात उघडं पेट्रोल हलवत बसणं म्हणजे नसता धोका. लागेल तेवढंच ताजं आणा.

मिस्त्री_आर्वी
सरांशी सहमत. चांगल्या टू-स्ट्रोक ऑइलचं 50 ला 1, म्हणजे लिटरला 20 मिली. साधं ऑइल असेल तर 25 ला 1, लिटरला 40. मोटरसायकलच्या दुकानातलं कुठलंही उचलून 20 मिली टाकू नका, तिथेच पिस्टन जातात. बनवलेलं मिश्रण तीन-चार आठवड्यांच्या वर ठेवायचं नाही. मशीन पंधरा दिवस लागणार नसेल तर टाकी रिकामी करा, सुरू करा, आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या.

ताई, किट बदलूनही इंजिन असंच बोंबलत राहिलं तर क्रँकची ऑइल सील वाळलेली असतील. तेव्हा ओढत चालवू नका, सरळ आर्वीला घेऊन या.

मृगबहार
किट टाकलं, मुलानं अमरावतीहून आणलं. पहिल्या तीन झटक्यात आली. रेस सोडली की चेन थांबते. दोन बाभळीही झाल्या.

तिसऱ्या बाभळीत मात्र फटका बसला. जुन्या कुंपणाची काटेरी तार आत गेली होती, वरून साल चढलेली. ठिणगी उडाली आणि चेनचे आठ-दहा दात बोथट. त्यानंतर पीठ पडायला लागलं, भुसा नाही.

धुऱ्यावरचा
बाभळीचा सांगावा वाचायचा असतो ताई. तिच्यात टॅनिन भरपूर, म्हणून तर कातडं कमवायला साल नेतात. आत खिळा-तार असेल तर लाकडावर निळा-काळा डाग उतरतो. कापलेल्या तोंडावर शाईसारखा डाग दिसला की तिथून वीतभर दूर कापायचं.

मिस्त्री_आर्वी
4 मिमीची गोल कानस, 30 अंशात, आतून बाहेर, एकाच दिशेनं. सगळ्यात जास्त मार लागलेला दात आधी घासा आणि बाकीचे तेवढेच करा, नाहीतर बार एका बाजूला ओढेल. दाताच्या पुढचा टेकू दातापेक्षा 0.65 मिमी खाली पाहिजे, तो जास्त घासू नका, मशीन उसळायला लागते. जाड भुसा पडायला लागला की झालं.

मृगबहार
घासली. दर दाताला सात घाशे, सासूबाई मोजत होत्या. आता ज्वारीच्या दाण्याएवढा भुसा पडतो.

मिस्त्री, पुढच्या गुरुवारी आर्वीला एका लग्नाला येतेय. स्प्रॉकेटचा ड्रम काढून ठेवाल का? आणि ती 52 लिंकची चेन कोणाला लागत असेल तर घेऊन येते.

पुण्यातला_वऱ्हाडी
चेन मला द्या, माझ्या बारला 52 च लागतात. मीही आहे त्याच लग्नाला.